डेटनचा हद्दपार

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरकारविरुद्ध कुणी चार ओळी लिहिल्या की भाऊकाका त्याला लगेच पाकिस्तानचं तिकीट काढून देतात. परवा भाच्यावर ही पाळी आली, आणि मला आमच्या ओहायोतल्या डेटनचा क्लेमेंट व्हॅलंडिगॅम आठवला. त्याला खरोखरच शत्रूच्या मुलखात नेऊन सोडलं होतं.

अमेरिकेत उत्तर आणि फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं असताना हा डेमोक्रॅट माजी खासदार ‘लढाई थांबवा’ म्हणत सभा गाजवत होता. शत्रूविषयी सहानुभूती बोलून दाखवणं हाच गुन्हा, असा हुकूम उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल बर्नसाइडने काढला. 1 मे 1863 ला माउंट व्हर्ननच्या सभेत व्हॅलंडिगॅमने तो जाहीरपणे धुडकावला. चार दिवसांनी भल्या पहाटे सैनिकांनी त्याच्या घराची दारं फोडली. नेहमीची न्यायालयं चालू होती, तरी खटला लष्करी आयोगापुढे. शिक्षा: युद्ध संपेपर्यंत कैद. राष्ट्राध्यक्ष लिंकनने ती बदलून त्याला दक्षिणेच्या हद्दीत धाडलं. गंमत म्हणजे दक्षिणेलाही तो नकोच होता! बर्म्युडामार्गे कॅनडा गाठून त्याने तिथूनच ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली.

मला हा माणूस मुळीच आवडत नाही; गुलामांच्या मुक्तीला त्याचा विरोध होता. लिंकनचा सवालही बोचरा आहे: सैन्यातून पळून जाणाऱ्या भोळ्या पोराला मी गोळी घालायची, आणि त्याला फितवणाऱ्या धूर्ताच्या केसालाही धक्का लावायचा नाही? पण अमक्या शिपायाला फितवलं असा आरोप नव्हताच. आरोप होता भाषणाचा. त्या भाषणाला ओहायोच्या मतदारांनी ऑक्टोबरात उत्तर दिलं, त्याला सुमारे एक लाख मतांनी पाडून. ते पुरेसं होतं, असं मला वाटतं.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मात्र त्याच्या खटल्याबाबत 1864 मध्ये ‘हा आमचा अधिकार नाही’ म्हणून हात झटकले. न्यायालयं चालू असताना नागरिकांवर लष्करी खटले चालवता येत नाहीत, हे त्याने सांगितलं 1866 मध्ये, युद्ध संपल्यावर. हे भाऊकाकांना समजवायला नको. आणीबाणीत ते मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत होते, आणि 1976 च्या जबलपूर खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने स्थानबद्धांना कोर्टात दाद मागण्याचं दार बंद केलं, हे ते अजून तावातावाने सांगतात.

मी तरी काय, व्हिसावर असल्यामुळे इथल्या राजकारणावर चकार शब्द काढत नाही. ग्रुपवर मात्र व्हॅलंडिगॅमची गोष्ट टाकली. काकांनी विचारलं, “पुढे काय झालं त्याचं?”

जून 1864 मध्ये खोट्या मिशा लावून तो ओहायोत परतला आणि पुन्हा भाषणं करू लागला. लिंकनने या वेळी त्याला पकडलं नाही.