फुलंच काढते ना, मग काढू दे

परवा झोप येत नव्हती म्हणून स्पेनमधल्या माद्रिदच्या प्रादो म्युझियमच्या साइटवर उगाच भटकत होते आणि लायलॅक नावाच्या फुलांनी भरलेल्या फुलदाणीच्या एका चित्रापाशी जी अडकले ती अडकलेच. चित्रकार एक बाई, फर्नांदा फ्रान्सेस, जन्म १८६२, गाव व्हॅलेन्सिया. नाव आधी कधीच ऐकलं नव्हतं.

मग शोधत बसले आणि डोकंच फिरलं. कारण गाव बघा कुठलं! व्हॅलेन्सिया म्हणजे रेशमाचं गाव. तिथल्या कापडावर विणायला फुलांची डिझाइन्स लागायची म्हणून १७८४ मध्ये तिथल्या सान कार्लोस अकादमीत फुलं काढायला शिकवणारा स्वतंत्र विभागच सुरू झाला, त्याचा प्रमुख बेनितो एस्पिनोस, ज्याची फुलांची चित्रं आज प्रादोत आहेत. त्याच परंपरेतला मिगेल पार्रा, तोही फुलांसाठी नावाजलेला, आणि त्यानेच १८१४ मध्ये राजा सातवा फर्नांदो व्हॅलेन्सियात आला त्या मिरवणुकीचीही चित्रं काढली. म्हणजे फुलं काढणारा माणूस राजाची मिरवणूकही काढू शकतो यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. फुलं म्हणजे धंदा, हुद्दा, इज्जत सगळंच.

आणि शंभर वर्षांत तीच फुलं "बायकांना बरं आहे हो" झाली! १८५६ पासून माद्रिदला सरकारी राष्ट्रीय प्रदर्शनं भरायची, तिथे मान कोणाला तर इतिहासावरच्या भल्यामोठ्या चित्रांना, राजे, लढाया, मरणारे वीर. तसली चित्रं काढायची तर माणसाचं शरीर नग्न मॉडेलवरून शिकायला हवं आणि ते वर्ग बायकांना जवळपास बंदच. मग उरलं काय, फुलं आणि फळं. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं बघा, हिला अंगणच आवडतं. फर्नांदाचे वडील प्लासिदो फ्रान्सेस स्वतः चित्रकार, म्हणून घरातच शिकायला तरी मिळालं, बाकीच्यांचं काय झालं असेल देव जाणे.

बरं, फुलं सोपी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा काढून बघा. लॉकडाऊनमध्ये मी मोगऱ्याचा गजरा काढायला बसले होते, वॉटरकलर. तासाभरात कळ्यांच्या कडा तपकिरी. आणि पांढरं फूल पांढरं नसतंच मुळी, कुठे हिरवट, कुठे राखाडी, सावलीत चक्क निळं. हे मला पाचवा कागद फाडल्यावर कळलं. लायलॅक तर त्याहून वाईट, चार-चार पाकळ्यांची इवली इवली फुलं, एका घोसात शेकड्याने, प्रत्येक काढलं तर भरतकाम दिसणार आणि नुसते फटकारे मारले तर फ्लॉवरचा गड्डा. त्यात ऑइलचा रंग वाळायला दिवस लागतात, फूल थोडीच थांबतंय.

२०२० मध्ये प्रादोने फर्नांदाच्या काळातल्या बायका आणि कलाजगत यावर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्यातलं बाईचं म्हणून लावलेलं एक चित्र प्रत्यक्षात पुरुषाचं निघालं आणि भिंतीवरून उतरवावं लागलं! हसावं का रडावं कळेना.

असो. माझ्या गजऱ्याचं सहावं चित्र फ्रिजवर चिकटवलंय. आई बघून म्हणाली, छान आहे गं, साबुदाणा आहे का?