मक्याचा बर्फ

मन्या दर दोन-तीन वर्षांनी अमेरिकेहून नाशिकला येतो आणि जाताना माझा एखादा अवयव निकामी करून जातो. मागच्या खेपेला डावा गुडघा होता. या एप्रिलात दोन्ही तळहात.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. पी. टी.च्या तासाला पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहणारी सबंध शाळेत दोनच मुलं होती, त्यातला एक मी आणि दुसरा हा. मी माझ्या तत्त्वाला आजन्म चिकटून राहिलो. मन्या सिएटलला गेला आणि बिघडला. आता तो पायांना स्की नावाच्या फळ्या बांधून बर्फाचे डोंगर चढतो. उतरतो, हे मी समजू शकतो. खाली यायला काय, कुणीही येतं. पण तिकडे खुर्च्यांचा पाळणा असतो, त्यात बसलं की वर, मग घसरत खाली, पुन्हा पाळणा. एवढी चांगली सोय सोडून हा गृहस्थ जिथे पाळणा नाही असाच डोंगर शोधतो. वणीच्या गडावर ट्रॉली झाल्यापासून मी देवीच्या पायऱ्यांकडे वळूनही पाहिलेलं नाही, आणि देवी माझ्यावर रागावलेली नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. सिएटलकडचा माउंट बेकर. उंची ३२८६ मीटर. अंगभर पांढरा, आणि शेंड्याजवळ कुठूनतरी धूर.

"हा धूर कसला?"

"वाफ आहे. ज्वालामुखी आहे ना तो."

"जिवंत?"

"झोपलाय. अधूनमधून घोरतो."

वर पोचता पोचता सडक्या अंड्याचा वास येतो म्हणे. डोंगराच्या अंगावर हिमनद्या आहेत, त्यांना भेगा पडतात, आणि त्या भेगांवर ताज्या बर्फाची साय धरते. वरून सगळं सपाट दिसतं. म्हणून एकमेकांना दोरीने बांधून चालायचं.

मी सगळं नीट मांडून पाहिलं. "म्हणजे पोटात आग, वर बर्फ, बर्फाला भेगा, आणि सगळ्यात वर फळ्या बांधलेला तू."

"हो."

"आणि याचे तुला किती मिळतात?"

"मिळतात कुठले? उलट खर्च होतो."

त्या डोंगराजवळच्या, त्याच्याच नावाच्या स्की-केंद्रात १९९८-९९च्या मोसमात ११४० इंच बर्फ पडला होता, एका मोसमातला जगातला उच्चांक, हे त्याने असं सांगितलं की जणू तो बर्फ यानेच पाडला. अकराशे चाळीस इंच म्हणजे पंचाण्णव फूट. आमच्या गंगापूर रोडवरच्या नऊमजली इमारतीची टाकीसुद्धा त्यात दिसेनाशी झाली असती.

चढताना फळ्या मागे कशा घसरत नाहीत, हा प्रश्न मी विचारायला नको होता. मन्या खुलला. फळीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस, नाहीतर नायलॉन. केस सगळे एका दिशेने बसवलेले. पुढे सरकलं की सुळकन जातं, मागे ओढ लागली की केस उभे राहतात आणि बर्फाला धरतात. मांजराला उलटं गोंजारलं की जे होतं तेच, फक्त ओरबाडत नाही. वर पोचलं की पट्ट्या सोलून खिशात घालायच्या आणि खाली सुटायचं. चढावर वळण घेताना मात्र एक पाय हवेत उचलून फळीसकट उलट्या दिशेला टाकावा लागतो. हे दाखवायला त्याने काकूंचे जेवायचे दोन पाट पायांखाली घेतले.

"पाटाला पाय लावतोस?" काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. त्यांना दिसलं कसं, कोण जाणे. हिमनदीवर दोरी धरणारा माणूस पाटांवरून खाली उतरला, पाटांना नमस्कार केला आणि ते भिंतीला उभे करून ठेवले.

मग आला मक्याचा बर्फ. मन्याचे सगळे बेत या बर्फाभोवती फिरतात. वसंतात दिवसा ऊन, रात्री गोठण. वितळ, गोठ, वितळ, गोठ असं होत होत बर्फाचे मक्याच्या दाण्यांएवढे कण होतात, म्हणून तिकडे त्याला 'कॉर्न' म्हणतात. (मी आधी भाजलेलं कणीस समजलो होतो आणि वर लिंबू-मीठ मिळतं का तेही विचारलं होतं.) पहाटे हा बर्फ काचेसारखा कडक. सकाळच्या उन्हाने वरचा बोटभर थर मऊ झाला की त्यावरून घसरण्यासारखं सुख नाही. पण तेवढीच वेळ. आणखी उशीर झाला की चिखल, आणि त्याहून उशीर झाला की ओला बर्फ चादरीसारखा सुटून माणसासकट खाली येतो. म्हणून रात्री दोन-तीनला निघायचं, वर पोचायचं, बर्फ कडक असेल तर शेंड्यावर वाट बघत बसायचं, आणि नेमक्या घटकेला निघायचं.

"सगळा खेळ घड्याळाचा आहे," मन्या म्हणाला. "डोंगर कुणासाठी थांबत नाही."

माझा घात या वाक्याने केला. मला ते पटलं, आणि चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण मन्या लगेच म्हणाला, "उद्या हरिहर गडावर जाऊ. पहाटे तीनला निघायचं. उन्हाच्या आत खाली."

त्या वेळेला आमच्याकडे काकड आरतीसुद्धा नसते. तरी मी तीनला त्याच्या दारात हजर होतो.

दारातूनच फोडणीचा वास आला. काकू अंघोळ करून, पदर खोचून ओट्याशी उभ्या. दशम्या झाल्या होत्या, धपाटे चालू होते, ठेच्याला मिक्सरची वाट होती, आणि शेजारी झोपलेत म्हणून मिक्सर पाचपर्यंत लावायचा नव्हता.

"आई, आम्हाला निघायचंय."

"निघा की. मी कुठे अडवलंय? रिकाम्या पोटी जाऊ नका एवढंच."

मन्याने घड्याळ पाहिलं. हा माणूस बर्फावर काठी टेकवून पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवतो. शेंडा शंभर मीटरवर असताना परत फिरलोय, असं त्यानेच अभिमानाने सांगितलं होतं. तो आईसमोर खाली मान घालून बसला आणि त्याने पोहे खाल्ले. मीही खाल्ले. मग काकांनी गाडीच्या चाकांची हवा तपासायला काढली. मग गच्चीवर फेऱ्या मारायला निघालेले वरच्या मजल्यावरचे आजोबा "अरे, कधी आलास?" म्हणून जिन्यात थांबले, आणि मन्याने सिएटलचं हवामान सांगितलं. हातावर दहीसाखर पडली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"त्र्यंबकवरून जाताय ना? दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही," काकू म्हणाल्या.

दर्शन उत्तम झालं. वेळ खाल्ला तो बाहेर भेटलेल्या मन्याच्या मावसकाकांनी. ते मन्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. हिमनदीवर ऊन खालूनही परावर्तित होऊन येतं, नाकपुड्या आतून भाजतात, तोंड उघडं ठेवलं तर टाळूसुद्धा, म्हणून मन्या नाकावर झिंकचा जाड पांढरा थर देतो. सवयीने त्याने आजही दिला होता. त्र्यंबकात कपाळाला भस्म लावलेले पुष्कळ दिसतात, पण नाकाला लावलेला कोणता पंथ, हे मावसकाकांना समजून घ्यायचं होतं. ते समजेपर्यंत दोन चहा झाले.

गडाच्या पायथ्याच्या निरगुडपाड्याला शेवटी एकदाचं आमचं घोडं गंगेत न्हालं तेव्हा सव्वानऊ वाजले होते. ऊन आमच्या आधी पोचलेलं होतं.

सुरुवातीची झाडी संपल्यावर जो उघडा दांड लागतो, त्याच्याबद्दल मी फार बोलणार नाही. पाठीवर विंचवाचं बिऱ्हाड, पायाखाली मुरूम, डोक्यावर चैत्र. मन्या दोन काठ्या टेकत एका लयीत चालला होता आणि मला भूगोल शिकवत होता. "हासुद्धा ज्वालामुखीच बरं का. इथला सगळा सह्याद्री लाव्हाचा."

"मग याला शेंडा का नाही?"

"कारण हा एका तोंडातून नाही आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी." म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, आणि म्हणूनच या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' नाव पडलं. ट्रॅप हा मूळचा स्वीडिश शब्द, अर्थ पायऱ्या. मी इतकी वर्षं तो इंग्रजी समजत होतो आणि अर्थ सापळा असा घेत होतो. त्या घटकेला मला माझाच अर्थ बरोबर वाटला. एवढ्या वर्षांत आग विझली, लाव्हा थिजला, पण उष्णता मात्र अजून उतरलेली नाही.

मग हरिहरच्या पायऱ्या आल्या. ज्यांनी फोटो पाहिलेत त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी पाहू नयेत. उभ्या कातळात खोदलेला जिना, जवळजवळ शिडीच. प्रत्येक पायरीला दोन्ही कडांना खोबण्या कोरल्या आहेत, त्यात बोटं अडकवून चढायचं. ज्याने हे खोदलं त्याला माणसाच्या पंजाची चांगली ओळख होती. मी समोरच्या पायरीशिवाय काही बघितलं नाही. मध्येच मागून "जरा सरका दादा" असा आवाज आला आणि पन्नाशीच्या एक मावशी, डोक्यावर सरबताचा कॅन, पायात साध्या स्लिपर, आमच्या अंगावरून वर गेल्या. मन्या तोल सांभाळण्याबद्दल काहीतरी सांगत होता, तो गप्प झाला.

वर साडेअकराला पोचलो. मारुती, महादेव, छोटं तळं, आणि दगडी कोठाराची एक खोली, जिच्यात खिडकीएवढ्या भोकातून सरपटत शिरायचं. आत गारवा. तिथे दशम्या, धपाटे, ठेचा. काकूंनी चौघांना पुरेल एवढं दिलं होतं आणि आम्ही ते चौघांसारखं संपवलं. मी म्हटलं, "चल, उतरू."

"थांब," मन्या डोळे मिटून म्हणाला. "घाई करायची नसते. शेंड्यावर वाट बघायची. योग्य वेळ आली की मी सांगतो."

आणि तो झोपला.

त्याची चूक नव्हती, सवय होती. पंधरा वर्षं तो डोंगराच्या माथ्यावर खालचा उतार मऊ व्हायची वाट बघत आलाय. पण हरिहरचा उतार कितीही वाट बघितली तरी मऊ होत नाही. मी त्याला दोनदा हलवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "अजून कडक असेल." एक वाजता जाग आली तेव्हा सरबतवाल्या मावशींनीच त्याला उठवलं होतं. "आता काय सांजच्याला उतरता का? पायऱ्या तापल्या ना, बाबा."

हरिहर उतरायचा तो तोंड कातळाकडे करून, उलटा, खोबण्यांत बोटं घालून. चढताना ज्या खोबण्यांबद्दल मी त्या अनाम पाथरवटाला दुवा दिला होता, त्या आता भाकरीचा तवा झाल्या होत्या. हात टेकला की चटका, उचलला की खाली दरी. चटका आणि दरी यांत माणूस चटका निवडतो. मी प्रत्येक पायरीला एक नवा शब्द उच्चारत होतो. मन्याचे हातमोजे त्याच्या पिशवीत होते, पिशवी पाठीवर होती, आणि पाठीवरची पिशवी काढायला जो हात लागतो तो खोबणीत होता. हिमनदीसाठी आणलेले दोन जोड मोजे दोन फुटांवर असताना दोघंही बोंबलत उतरलो.

पायऱ्या संपल्यावर मुरूम. इथे मन्याला पुन्हा कंठ फुटला. "स्कीवर नवखा माणूस भीतीने मागे झुकतो आणि पडतो. वजन पुढे ठेव, गुडघे सैल, आणि घसरणीशी भांडू नकोस."

मी भांडलो नाही. वजन पुढे, गुडघे सैल, दोन्ही पाय एकदम सुटले आणि मी पंधरा-वीस फूट खरोखर उभ्याउभ्या घसरलो. मागे लाल धूळ, कानात वारा. खोटं कशाला बोलू, त्या दोन-तीन सेकंदांत मला मन्या पहिल्यांदा कळला. माणूस पहाटे तीनला का उठत असेल, पदरचे पैसे का घालत असेल, ते सगळं. मग मुरूम संपला आणि करवंदीची जाळी सुरू झाली. पुढचा भाग मी बसून केला.

मन्याने माझं तोंडभरून कौतुक केलं. "काय मस्त वळण घेतलंस!" मी वळण घेतलं नव्हतं. तिथे जाळीने मला वळवलं होतं.

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं आणि आमचे हात पाहिले. काही विचारलं नाही. फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढून मन्याच्या हातात दिला आणि पातेलं घ्यायला वळल्या. मन्याने ट्रे पिळला. सुटेना. उलटा करून ओट्यावर आपटला. सुटेना. चाकूचं टोक घालून एक वडी उचकटायला गेला, ती अर्धी तुटून गॅसखाली गेली.

"आण इकडे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ट्रे नळाखाली धरला. एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखंच येतं. साऱ्या वड्या एका दमात पातेल्यात पडल्या.