‘त्यांच्याशी बोलू नका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या गटांमधून एक संदेश सध्या सतत पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा : ‘मी आध्यात्मिक आहे, पण धार्मिक नाही’ असं म्हणणाऱ्यांना देव नकोच आहे, त्यांचं ध्यान, मौन, श्वासाकडे लक्ष देणं हे सगळं ख्रिस्ती विश्वासाला परकं आहे, त्यांच्याशी संवाद म्हणजे सुवार्तेत, म्हणजे येशूच्या शुभसंदेशात, पाणी घालणं, मिशनने (धर्मप्रसाराच्या कामाने) घोषणा करावी आणि बाजूला व्हावं. लिहिणाऱ्याची कळकळ मला खोटी वाटत नाही. पण ही चारही विधानं चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे माणसं दुरावतात, म्हणून लिहितो आहे.

त्यांना देव नकोच आहे, हे कोणी विचारून पाहिलं? प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०१७ मध्ये अमेरिकेत विचारलं, तेव्हा २७ टक्के प्रौढांनी स्वतःला ‘आध्यात्मिक, पण धार्मिक नाही’ असं म्हटलं. २०१२ मध्ये हेच प्रमाण १९ टक्के होतं. आणि यांतल्या जवळपास निम्म्यांनी आपण प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक असल्याचंही सांगितलं! म्हणजे ज्यांच्यापासून दूर राहायला हा संदेश सांगतो, त्यांतले काही रविवारी आपल्याच बाकावर बसलेले असू शकतात. व्हॅटिकनने २००३ मध्ये ‘न्यू एज’ विचारांवर, म्हणजे या नव्या अध्यात्माच्या प्रवाहावर, एक चिंतन प्रसिद्ध केलं. त्यात टीका भरपूर आहे, पण एक कबुलीही आहे : ज्याची खरी गरज आहे ते ख्रिस्ती धर्माकडून मिळत नाही, किंवा कधी मिळालंच नाही, असं लोकांना वाटतं.

मला हे वाचताना एक आई आठवते. मूल गेल्यावर तिला एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकवलं गेलं, ‘तुझा विश्वास कमी पडला.’ पुढे ती ध्यानाच्या वर्गाला जाऊ लागली, कारण तिथे तिला गप्प बसू देत होते. तिने देवाला सोडलं नव्हतं. आपण तिला रडायला जागा दिली नाही.

आता ध्यान आणि मौन. येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी मौनालाच आपलं घर केलं. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर’ ही छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीवर म्हणणारे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे मठवासी होते, आणि चौदाव्या शतकात त्यांच्यावर टीका झाली तेव्हा ग्रेगरी पालामास हा धर्मपंडित त्यांच्या बाजूने उभा राहिला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रॅपिस्ट (एका कॅथलिक संन्यासी संघाच्या) मठातल्या संन्याशांना दिसलं, की तरुण ध्यान शिकायला पूर्वेच्या गुरूंकडे जात आहेत. त्यांनी त्या तरुणांना दोष दिला नाही. आपल्याच जुन्या परंपरेतून मौन प्रार्थनेची एक सोपी रीत तयार केली. ठेवा घरातच होता, पण कुलूप आपणच घातलेलं होतं.

फरक नाही असं मी म्हणत नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या (सजगतेच्या) कार्यक्रमाची मुळं बौद्ध साधनेत आहेत, आणि त्यात समोर कोणी ऐकणारा असावा लागत नाही. ख्रिस्ती मौनात तो असतो. हा फरक मोठा आहे, पण तो समजावून सांगायचा तर आधी आपल्याला मौनाची ओळख हवी.

संवादाने सुवार्तेत पाणी पडतं, हा आरोप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात प्रेषित पौलच सापडतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ उघडा. मूर्तींनी भरलेलं अथेन्स पाहून पौलाचा संताप झाला होता. तरी तो रोज बाजारात जे भेटतील त्यांच्याशी बोलत राहिला. त्यांत एपिकूरपंथी होते, स्तोयिक होते, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाच्या दोन पंथांचे लोक. अरीयपगावर, म्हणजे अथेन्सच्या सभेसमोर, बोलताना त्याने सुरुवात केली ती त्यांच्याच ‘अज्ञात देवाच्या’ वेदीपासून. पुढे ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही ओळ त्याने त्यांच्याच कवीची घेतली. ती अराटस या ग्रीक कवीच्या काव्यात सापडते, आणि तिथे ती झ्यूस या ग्रीक देवाबद्दल आहे! आजच्या गटांत पौलाने हे लिहिलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं. पण त्याने काही लपवलं का? पश्चात्ताप, न्याय, मेलेल्यांतून उठणं, सगळं त्याच भाषणात आहे. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी आणि आणखी काहींनी विश्वास ठेवला.

घोषणा करून बाजूला होण्याबद्दल फार लिहायला नको. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलं आहे, तेही सौम्यतेने. विचारायला माणूस जवळ यावा लागतो. मात्र ध्यानवर्ग म्हणून बोलवायचं आणि दार लावून प्रवचन द्यायचं, ही फसवणूक आहे. मिशनच्या नावाने ती मुळीच नको.

संदेशाची एक भीती खरी आहे : या नव्या अध्यात्मात सगळंच निरुपद्रवी नाही. ‘तुझ्या विचारांनीच तू हे दुःख ओढवून घेतलंस’ असं शिकवणारा एक मोठा प्रवाह त्यात आहे. त्याला स्पष्ट विरोध करायलाच हवा. पण हे वाक्य त्या आईला आपल्या मंडळीत ऐकवलेल्या वाक्याचंच भावंड आहे. दोन्हीकडे दोष रडणाऱ्यावर येतो. वधस्तंभावरचा ख्रिस्त ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं ओरडतो, आणि त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची आपली छाती होत नाही. त्या आईला हे सांगायचं राहून गेलं आहे, आणि संदेश म्हणतो तिच्याशी बोलू नका.