ग्रीन कार्ड, ओसीआय आणि ‘तो आता आपला राहिला नाही’

बडोद्यातल्या मराठी घरांत चार माणसं जमली की हल्ली दोन विषय हमखास निघतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कुणाच्या मुलाला ग्रीन कार्ड मिळालं. गुडघ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ग्रीन कार्डाच्या पाठोपाठ ‘म्हणजे तो आता अमेरिकन झाला’ हे जे वाक्य येतं, त्याबद्दल म्हणायचंय.

झाला नाही हो! ग्रीन कार्ड म्हणजे तिथे कायम राहायची आणि काम करायची परवानगी. पासपोर्ट भारताचाच, आणि त्यावर राष्ट्रीयतेसमोर ‘भारतीय’ हेच छापलेलं. परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलं असेल तर निवडणुकीला इथे येऊन तो मतही देऊ शकतो. खरा बदल होतो तो पुढे, तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ अगदी कोरडं आहे: स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. त्यासाठी इथे वेगळा अर्ज करावा लागत नाही. जुना पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ‘असू दे कपाटात, कधी उपयोगी पडेल’ म्हणून तो वापरत राहणं हा गुन्हा आहे.

दुसरा गैरसमज ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचा. २००५च्या दुरुस्तीनंतर ही योजना आली आणि लोकांनी तिला दुहेरी नागरिकत्व म्हणायला सुरुवात केली. नावातच ‘सिटिझन’ असल्यावर लोकांना तरी काय बोल लावणार! प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. डांग्या खोकल्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळ्याची माहिती असलेले आमचे एक काका ओसीआयवाल्या पुतण्याच्या नावानं बडोद्याजवळच्या पादरा गावाकडे शेत घ्यायला निघाले होते, त्यांना हे पटवायला एक वकील लागला.

पण माझं खरं भांडण ‘तो आता आपला राहिला नाही’ या सुस्काऱ्याशी आहे. आणि हे बडोदेकरांनी म्हणावं?

माझे आजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात जन्मले. म्हणजे गायकवाडांची प्रजा. संस्थानी प्रजा ही ब्रिटिश प्रजाही नव्हती. परदेशात जायचं तर तिचा दर्जा ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ असा लागे. १ मे १९४९ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं लागू झाली (बाकीची बहुतेक घटना दोन महिन्यांनी, २६ जानेवारीला) आणि आजोबा भारताचे नागरिक झाले. मग १ मे १९६०ला गुजरात वेगळं झालं. एवढ्या उलथापालथीत त्यांनी दांडिया बाजारातलं घर काही सोडलं नाही. पूजेचा संकल्प तोच, भाषा तीच, आमटीत गूळ जरा जास्त पडायला लागला इतकंच.

एवढं होऊनही पुण्याचे नातेवाईक आम्हाला ‘तुम्ही काय, गुजरातीच झालात’ म्हणतात आणि इथले शेजारी ‘तमे तो महाराष्ट्रियन ने?’ असं विचारतात. दोघांचंही मी मनावर घेत नाही, कारण दोन्ही गोष्टींची कुठल्याच कागदावर नोंद होत नाही, आणि ते उत्तमच आहे. आपल्या घटनेत नागरिकत्व एकच. गुजरातचं वेगळं, महाराष्ट्राचं वेगळं असं काही नाही.

सोव्हिएत संघात तसं नव्हतं. तिथे नागरिकत्व सगळ्यांचं सोव्हिएत, पण अंतर्गत पासपोर्टात ‘राष्ट्रीयता’ म्हणून वेगळी नोंद असे: रशियन, युक्रेनियन, ज्यू. ती आईबापांकडून येई. तिला लोक ‘पाचवा रकाना’ म्हणत, आणि तिथे ‘ज्यू’ लिहिलेलं असलं की चांगल्या विद्यापीठांचे दरवाजे पटकन बंद होत. रशियानं १९९०च्या दशकात नवा पासपोर्ट काढला तेव्हा तो रकाना गेला. माणूस मनानं कुणाचा आहे हे सरकारी कागदावर लिहायला लागलं की असं होतं. आपण तेच तोंडी करतो, हळदीकुंकवाला.

न्यू जर्सीतल्या पोरानं शपथ घेतली ती बहुधा नोकरीसाठी, आईला बोलावून घेता यावं म्हणून, नाहीतर व्हिसाच्या रांगांना कंटाळून. त्यानं भारताचं मत गमावलं, ही खरी किंमत आहे आणि ती त्यानं मोजली. त्यावर वाद घाला, जरूर घाला. पण तो गणपतीला व्हिडिओ कॉलवर आरती म्हणतो तेव्हा त्याचा पासपोर्ट कुठल्या रंगाचा आहे, याच्याशी आपला काय संबंध?

आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी मुलानं नागरिकत्व घेतल्याचं अजून बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून. विचारलं की म्हणतात, ‘ग्रीन कार्डच आहे अजून.’ काकू, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. सांगून टाका. आणि घराच्या वारसाचे कागद करताना त्याचं ओसीआय कार्ड वकिलाला आठवणीनं दाखवा.