सारा ऑसबर्न खोटं बोलली असेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, आधी त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सैनिक नवऱ्याबरोबर छावणीत राहिलेल्या सारा ऑसबर्नवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की ८१ वर्षांच्या बाईने ५६ वर्षांनंतर, तेही पेन्शन मिळावी म्हणून सांगितलेली हकीकत मी इतिहास म्हणून खपवली, जॉर्ज वॉशिंग्टनशी झालेलं बोलणं तर उघड उघड रचलेलं वाटतं, अमेरिकेतल्या कुठल्या लोहाराच्या बायकोचा घरगुती इतिहास मराठीत कोणाला हवाय, आणि शेवटी, त्या काळी बायका पेन्शनवर डोळा ठेवूनच म्हाताऱ्या सैनिकांशी लग्नं करायच्या.

पैशाचं आधी बोलू. साराने साक्ष दिली ती नोव्हेंबर १८३७ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीच्या कोर्टात, आणि ती पेन्शनसाठीच होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिला सिद्ध काय करायचं होतं ते बघा ना. १८३६ चा कायदा असा होता की पेन्शन मिळणार स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकाच्या विधवेला, आणि लग्न त्याची सैन्यातली शेवटची नोकरी संपायच्या आधी झालेलं असलं पाहिजे, म्हणजे मुद्दे दोनच, नवऱ्याची नोकरी आणि लग्नाची तारीख. त्यात १८०० साली वॉर डिपार्टमेंटच्या (युद्धखात्याच्या) ऑफिसला आग लागून जुने कागद जळाले होते, त्यामुळे अर्जदारांना आठवणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी, असं मिळेल ते पुढे करावं लागायचं, कितीतरी विधवांनी तर घरच्या बायबलमधलं लग्नाच्या आणि मुलांच्या जन्माच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं आणि ती पानं आजही त्या फायलींमध्ये आहेत. आज अमेरिकेत कोणी आपल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलं की या विधवांच्या फायली उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्याचं कारण हे.

साराचं अॅरन ऑसबर्नशी लग्न झालं जानेवारी १७८० मध्ये, ऑल्बनीला, आणि तो सैन्यात होता. तिच्या क्लेमला लागत होतं ते एवढंच. यॉर्कटाउनच्या वेढ्यात, तिथल्या खंदकांत तिने सैनिकांना गोमांस, ब्रेड आणि गॅलनभर मावेल अशा भांड्यातून कॉफी नेऊन दिली, कपडे धुतले, शिवले, याचा एक छदामही तिला मिळणार नव्हता, कायद्यात बायकांच्या त्या कामाला किंमतच नव्हती. आता तुम्ही म्हणाल की अशा डिटेल्समुळे ती नवऱ्याबरोबर होती हे पटायला मदत होते, आणि ते मला मान्य आहे. पण मग यॉर्कटाउनला जाताना वाटेत तिच्याबरोबर असलेल्या बायका कोण, तर लेफ्टनंट फोरमनची बायको, सार्जंट लॅम्बर्सनची बायको आणि लेटा नावाची एक कृष्णवर्णीय बाई, हे सांगून पेन्शन किती वाढणार होती? लेटाचं नुसतं नाव आपल्यापर्यंत पोचलंय तेही या म्हातारीने आठवणीने घेतलं म्हणून, आणि मला या सगळ्या साक्षीत ते फार मोलाचं वाटतं.

आता ५६ वर्षांनी आठवतं का, हा प्रश्न. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला ब्रिटिश फौज शरण आली. आजही बऱ्याच जणांना वाटतं की ब्रिटिशांचा सेनापती कॉर्नवॉलिस स्वतः पुढे आला आणि त्याने तलवार दिली. तो आलाच नव्हता, आजारी असल्याचं सांगून त्याने जनरल ओहाराला पाठवलं. सारा काय म्हणते? पुढे चालणारा जनरल धिप्पाड होता, चेहरा भरलेला, गालावरून आसवं ओघळत होती, त्याचं नाव तिला आठवत नाही, पण तो कॉर्नवॉलिस नव्हता, कारण कॉर्नवॉलिसला तिने नंतर पाहिलं, तो ठेंगणा होता आणि त्याच्या डोळ्यांत तिरळेपणा होता. ऐकीव गोष्ट रंगवून सांगायची असती तर तिने सरळ कॉर्नवॉलिसला रडवला असता की नाही! आणि डोळ्याचं म्हणाल तर शाळेत असताना, ईटनला, खेळताना कॉर्नवॉलिसच्या डोळ्याला मार लागला होता, ही नोंद तिच्या साक्षीपेक्षा अगदी वेगळीकडची आहे.

आणि हो, हा तोच कॉर्नवॉलिस. पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच जोडीला होते, आणि १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. आपल्या इतिहासात तो हत्तीघोडे आणि तहनाम्यांसकट येतो, इथे एका लोहाराची बायको त्याला चार पावलांवरून बघतेय. मराठी वाचकाला यात रस का नसावा, मला खरंच कळत नाही.

वॉशिंग्टनचं बघू. सारा सांगते की खंदकाकडे अन्न नेत असताना त्याने विचारलं, तोफगोळ्यांची भीती नाही का वाटत, आणि ती म्हणाली, ज्यांच्या नशिबी फाशी आहे ते गोळीने मरायचे नाहीत, शिवाय माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं हे काही बरं नाही. हे पडताळायला दुसरा साक्षीदार नाही. इतक्या वर्षांत शेकोटीपाशी सांगून सांगून या वाक्यांना थोडं तिखटमीठ लागलं असेल, शक्य आहे, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे साक्ष कारकुनाने तृतीयपुरुषात लिहून घेतलीय हेही लक्षात ठेवायला हवं. पण एका संवादावर संशय आहे म्हणून अख्खी साक्ष रद्दीत काढायची, हे लॉजिक मला मान्य नाही, तसं केलं तर आपल्या बखरींमधलं तरी काय हाताला लागेल?

तुमच्या कमेंटमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि माझा साराच्या खरेपणावर विश्वास बसला तो तिथेच. युद्ध संपल्यावर ऑसबर्न तिला आणि दोन पोरांना, फीबी आणि धाकटा अॅरन, न्यू विंडसरला टाकून गेला आणि त्याने पॉली स्लोट नावाच्या मुलीशी दुसरं लग्न लावलं. ही बातमी कानावर आल्यावर सारा घोडा मिळवून थेट त्या मुलीच्या बापाच्या घरी गेली, तिथे नवरा समोरच, ती पॉलीही समोर, घरातल्यांनी साराला नीट वागवलं, रात्रभर ती तिथेच राहिली, आणि हा माणूस आता सुधारायचा नाही हे कळल्यावर त्याचा नाद कायमचा सोडून परत आली. पुढे तिने जॉन बेंजामिनशी लग्न केलं, तोही युद्धात लढलेलाच, आणि त्याच्या मागेही ती विधवा राहिली. आता विचार करा, ऑसबर्नची विधवा म्हणून पेन्शन मागणारी बाई शपथेवर सांगतेय की त्याने दुसरी केली होती आणि मग मीही दुसरं लग्न केलं. हे सांगून तिच्याच क्लेमवर प्रश्न उभे राहणार होते. पैशासाठी बनाव करणारं माणूस आधी हे गाळेल.

राहिला म्हाताऱ्यांशी लग्नं करणाऱ्या बायकांचा मुद्दा. साराला तो लागूच होत नाही, तिचं लग्न ऐन युद्धातलं. तुमच्या डोक्यात बहुतेक व्हरमाँटची एस्थर डेमन असावी, स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाची शेवटची पेन्शनर विधवा, १९०६ मध्ये वारली. तिचं लग्न १८३५ मध्ये झालं, ती २१ वर्षांची आणि नोआ डेमन ७५ चा, त्यामुळे तिला नावं ठेवणं सोपं जातं. पण इतक्या उशिरा लग्न झालेल्या विधवांना पेन्शन देणारा कायदा आला १८५३ मध्ये. लग्नाच्या दिवशी तिच्या वाट्याला अशी कुठलीच पेन्शन नव्हती, १८३६ चा कायदासुद्धा तेव्हा झालेला नव्हता आणि झाल्यावरही तिला तो लागू नव्हता. अठरा वर्षांनी सरकार काय करणार हे त्या पोरीला कुठून माहीत असणार?