तू तर खवय्या ना!

एकदा का चारचौघांत कोणी तुम्हाला खवय्या म्हणालं की तुमच्या खाण्याचे दिवस भरले म्हणून समजा. म्हणजे पोटात जायचं ते जातच राहतं, जरा जास्तच जातं, पण आपल्या मनाने, हवं ते, हवं तेव्हा, कोणी तोंडाकडे टक लावून न बघता खाणं, ते बंद. माहेरी मी साधी खादाड होते. आई सरळ म्हणायची, आली बघा, फोडणीचा वास गेला वाटतं हिला. विषय संपला. सासरी ठाण्यात आले आणि पहिल्याच पंगतीत अळूचं फदफदं पुन्हा पुन्हा मागून घेताना आत्येसासूबाईंनी बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सूनबाई खवय्या आहे हो!" नव्या सुनेला पहिल्याच दिवशी खादाड कसं म्हणायचं, म्हणून हा सभ्य शब्द. मी आपली खूश. ते अपॉइंटमेंट लेटर होतं हे कळायला वेळ लागला, बिनपगारी, बिनसुट्टीची नोकरी.

तसे मराठीत खाणाऱ्यासाठी शब्द ढीगभर. खादाड, हावरट, अधाशी, भुक्कड, भोजनभाऊ, चोखंदळ. पण त्यातला कोणता तुमच्या वाट्याला येणार ते तुम्ही किती खाल्लं यावर ठरत नाही, कोण खातंय आणि कोणाच्या घरचं खातंय यावर ठरतं. तेच श्रीखंड जावयाने वाटीवर वाटी ओरपलं तर तो खवय्या, धाकट्या दिराने ओरपलं तर "त्याला आवडतं हो लहानपणापासून", नणंदेच्या मुलाने ओरपलं तर हावरट (हे स्वतः नणंदच म्हणते, आपली बिशाद नाही) आणि शेजारच्यांनी ओरपलं तर अधाशी मेले. क्रियापदांचं तर विचारूच नका. जावई जेवतात, दीर ताव मारतो, मुलं हादडतात, पाहुणे आडवा हात मारतात, हे अर्थात ते गेल्यावर, आणि लोकलमध्ये चेपून रात्री साडेदहाला घरी पोचलेल्या नवऱ्याला विचारलं जातं, "गिळणारेस ना?"

त्यात माझी व्याकरणाचीही अडचण आहे. गवय्याची गायिका होते, मग खवय्याची काय? खायिका? शब्दच नाही रोजच्या वापरात. बाईसाठी एकच शब्द तयार ठेवलाय, सुगरण. पुरुषाने मन लावून खाल्लं की खवय्या आणि बाईने मन लावून खाल्लं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अय्या, मग तुला स्वयंपाकाची खूप आवड असेल ना!" नाही हो, मला खायची आवड आहे, सासरे दिवसभर क्रिकेट बघतात, त्यांना कोणी विचारतं का मग ओपनिंगला जाता का म्हणून? आणि हे आजचं नाही. महाभारतात कुंती भिक्षेचे दोन वाटे करायची, अर्धा एकट्या भीमाला आणि उरलेला अर्धा बाकी सगळ्यांत. नाव काय तर वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा, आणि तेही कौतुकाने. पुढे तोच भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने आचारी झाला, म्हणून अजून आपण आचाऱ्याला बल्लवाचार्य म्हणतो. म्हणजे खाऊनही मान आणि रांधूनही मान. आणि द्रौपदी? तिच्याकडे ती थाळी, सगळ्यांना पुरवणारी, अट एवढीच की द्रौपदी जेवली की त्या दिवसाची थाळी संपली, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी जेवणार. तिला खवय्या म्हणायची संधीच कोणाला मिळाली नाही.

असो. तर नोकरीतल्या ड्युट्या. सगळ्यात वरची, चव बघणे. "मीठ बघ गं, तू खवय्या ना." रोजचं ठीक आहे, पण गणपतीत नैवेद्याचं उष्टं करायचं नाही, म्हणून चाखायचं नाही, हे कोणालाही समजेल. गेल्या गणपतीत कटाच्या आमटीचं पातेलं गॅसवर, वर लाल तेलाचा तवंग, खोबरं आणि गोडा मसाला असा काही सुटलेला की पाय तिथून हलेना, आणि सासूबाई पळी हातात घेऊन उभ्या. "मीठ लागेल का गं?" मी म्हटलं, चाखायचं नाही ना? "चाखायचं कुठे म्हणतेय, वास घे." मी वाकले तर आतून आत्येसासूबाई ओरडल्या, "वाससुद्धा घ्यायचा नाही नैवेद्याचा!" मग सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, बघून सांग." आता आमटीत वरून मीठ दिसतं का! मी पातेल्याकडे डोळे बारीक करून बघितलं, दोन बुडबुडे फुटू दिले आणि म्हटलं, चिमूटभर टाका. टाकलं. मग नैवेद्य दाखवून सगळे जेवायला बसले, "बरोबर सांगितलंस हो" असं तिघीजणी म्हणाल्या आणि माझी जबाबदारी कायमची वाढली. आता वाटलीडाळ, पंचामृत सगळं मी लांबून बघून सांगते.

दुसरी ड्युटी पाहुण्यांना खायला नेणे. सासरची कोल्हापूरकडची मंडळी आली की "ठाण्यात आलोय तर मामलेदारची मिसळ झालीच पाहिजे, चल, तू खवय्या." आम्ही राहतो कासारवडवलीला, मिसळ स्टेशनजवळ, मामलेदार कचेरीला लागून, म्हणून तर ते नाव, आणि मध्ये पसरलाय घोडबंदर रोड. तो पार करून पोचेपर्यंत माणसं भुकेने एकमेकांशी बोलायची बंद झालेली असतात. तिथे विचारतात, तिखट, मध्यम की कमी. चुलतसासरे म्हणाले, "कोल्हापूरच्या माणसाला तिखट काय विचारता, आणा की." मग मिसळ यायच्या आत तासिका सुरू, आमच्याकडे याला कट म्हणतात, तुम्ही कसली ती तर्री म्हणता, मिसळीबरोबर पाव कुठं असतो होय, स्लाइस ब्रेड पाहिजे, तुम्हा मुंबईकडच्यांना सगळ्यात पाव लागतो. मिसळ आली. पहिला घास, दुसरा घास. तिसऱ्या घासाला कान लाल. मग खिशातून रुमाल निघाला, नाक, डोळे, कपाळ, परत नाक. मी काहीच बोलले नाही, नुसतं ताक पुढे सरकवलं. ते एका दमात संपवून म्हणाले, "धूळ फार आहे हो तुमच्या ठाण्यात." या सगळ्यात मला त्या दिवशी खरं तर नौपाड्यात गजाननचा वडापाव खायचा होता, ती पिवळी बेसनाची चटणी असते ना, ती. पण खवय्याला काय हवंय हे खवय्याला कोणी विचारत नाही.

ऑफिसचं थोडक्यात सांगते. टीम लंच असला की ऑर्डर मी द्यायची, पनीर रबरासारखं निघालं की पण मीच.

आणि आता नवीन जमात, फूडी. नणंदेची मुलगी नेरूळहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने येते आणि माझ्याबरोबर तलावपाळीला चाट खायला यायचा हट्ट धरते कारण "मामी, आपण दोघी फूडी!" शेवपुरी समोर आली की मी हात उचलते आणि ती ओरडते, थांब! मग वरून एक फोटो, तिरका एक, एक माझ्या हातासकट, बांगडी मागे घे, परत एकदा. तोवर पुरी मऊ पडून चटणीत बसलेली. तिनेच मला गुगल करून सांगितलं की हा शब्द छापून यायला सुरुवात झाली १९८० साली, न्यूयॉर्कच्या मासिकात गेल ग्रीन नावाच्या बाईंनी वापरला, आणि १९८४ मध्ये त्यावर इंग्रजीत अख्खं पुस्तकही निघालं. म्हणजे शब्द माझ्याच पिढीचा, आणि बाईंनी वापरलेला, हे मला आवडलं. मग ती म्हणाली, अगं याच्याआधीचा भारी शब्द गुर्मे, फ्रेंच, तो मुळात दारूच्या व्यापाऱ्याच्या हाताखालच्या पोऱ्यासाठी होता, वाइन चाखून बघणाऱ्या नोकरासाठी. मी म्हटलं, हां, हा बरोबर बसतो. आमच्या घरचा गुर्मे मीच. फक्त त्याला चाखायला तरी द्यायचे.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे सोसायटीची गणपतीतली पाककला स्पर्धा. सेक्रेटरीकाका दारात येऊन म्हणाले, "परीक्षक तुम्हीच, अख्ख्या बिल्डिंगला माहितीये तुम्ही खवय्या." नवरा आतून हो म्हणाला, त्याला काय जातंय. पार्किंगमध्ये मंडप, टेबलांवर झाकलेल्या डिश, प्रत्येक डिशच्या मागे ती करणारी बाई हाताची घडी घालून उभी, आणि विषय "पारंपरिक पण हेल्दी". या दोन शब्दांमधला तो "पण" माझ्या पोटाला महागात पडला. पहिलेच ओट्सचे उकडीचे मोदक. तांदळाची पिठी नाही कारण शुगर, गूळ नाही म्हणून खजूर, नारळ नाही कारण कोलेस्टेरॉल. मग मोदकाचं उरलं काय तर कळ्या, त्या मात्र सुरेख होत्या, तसं मी लिहिलंही. पुढे बिटाची पुरणपोळी, मग नाचणीचा पिझ्झा (याच्यात पारंपरिक काय विचारलं तर नाचणी म्हणाल्या), मग क्विनोआचा गोपाळकाला. आणि घास तोंडात गेला की समोरचे डोळे आपल्या जिभेवर. गिळेपर्यंत भुवईसुद्धा हलवायची सोय नाही. चव, मांडणी, पौष्टिकता, नावीन्य असे चार रकाने, आणि प्रत्येकीला "वेगळंच झालंय हं" म्हणून पुढे सरकायचं. वेगळंच या शब्दाने त्या दिवशी माझी अब्रू राखली.

शेवटच्या टेबलावर तळमजल्यावरच्या आजी बसल्या होत्या, समोर स्टीलच्या डब्यात भोपळ्याचे घारगे. चिठ्ठी नाही, सजावट नाही, कोथिंबिरीचं पान नाही. लाल भोपळा, गूळ, कणीक, वर खसखस, कडेला जरासे कुरकुरीत आणि आत मऊ. एक खाल्ला. दुसरा रकाने भरता भरता खाल्ला. तिसरा उचलला तेव्हा मागून कोणीतरी खाकरलं. पहिला नंबर घारग्यांना दिला आणि मंडपात जे काही झालं ते सांगत नाही. नावीन्य काय त्यात, तळलेलं हेल्दी कसं, मांडणी म्हणजे डबा का, एक ना दोन. ओट्सवाल्या काकू अजून लिफ्टमध्ये भेटल्या की मजल्याच्या आकड्यांकडे बघतात.

मी ठरवलं होतं, आता बास, पुढच्या वेळी स्पष्ट नाही म्हणायचं. परवा सेक्रेटरीकाका परत दारात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "यंदा गणपतीचं सोडा, थर्टीफर्स्टला वेगळी स्पर्धा ठेवतोय, फक्त कोळंबी."

मी विचारलं, "सुकी की कालवण?"