अधू डोळ्यांच्या मुलांना शेवटच्या बाकावर धाडणारा मेसेज

शाळा सुरू झाल्या की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: वर्गातल्या स्मार्ट बोर्डाच्या आणि टॅबच्या निळ्या प्रकाशाने लहान मुलांच्या डोळ्यांचा पडदा जळतो. चष्म्याचा नंबर स्क्रीनमुळेच लागतो. तिरळेपणा, आळशी डोळा, जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांना तर स्क्रीन म्हणजे विष, म्हणून त्यांना बोर्डापासून लांब, मागच्या बाकावर बसवावं. आणि चष्मा लावायची घाई करू नये, त्याने नंबर वाढतो. खाली टॅब सगळ्यांना बंद करा आणि या मुलांना मागे बसवा असं मागणाऱ्या, मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा नमुना, सह्यांसाठी जागा सोडून.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मुलांचे नंबर काढणं आणि चष्मा लावूनही ज्यांना पुरेसं दिसत नाही त्यांना साधनं जुळवून देणं हे माझं रोजचं काम. मेसेज पूर्ण खोटा असता तर दोन ओळींत उत्तर झालं असतं. त्यात एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. ज्या मुलांच्या काळजीपोटी हा अर्ज लिहिलाय म्हणे, तो मान्य झाला तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होणार आहे.

पडदा जळण्याचं आधी उरकून घेऊ. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारी सारसबागेच्या हिरवळीवर प्रकाश लाख लक्सच्या घरात असतो, झाडाच्या सावलीतही काही हजार. वर्गात साधारण ३०० ते ५००. मोकळ्या आकाशातून डोळ्यात येणारा निळा प्रकाश कुठल्याही बोर्डापेक्षा कैक पटींनी जास्त असतो, आणि सूर्याकडे टक लावून पाहिलं नाही तर त्याने मुलांचे पडदे जळत नाहीत. मग भिंतीवरच्या पॅनेलने कसे जळतील? स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. हा त्रास खरा आहे, पण नजर जरा खिडकीबाहेर गेली, चार वेळा पापण्या मिटल्या की तो ओसरतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा आढावा २०२३ मध्ये आला. त्या काचांनी डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष. दुकानात त्या काचेवर निळा लेझर मारून दाखवतात. बघायला मजा येते, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता नंबर स्क्रीनमुळेच लागतो, हा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं.

मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबीला जरुरीपेक्षा जास्त वाढणं. त्यात आईबापांकडून आलेला वाटा असतो, तासन्‌तास जवळ बघण्याचा असतो आणि घराबाहेरच्या उजेडात न जाण्याचा असतो. तैवानमध्ये १९८३ पासून शाळकरी मुलांच्या डोळ्यांची देशव्यापी पाहणी होत आली आहे. स्मार्टफोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या बहुसंख्य मुलांना मायनस नंबर होता. तो पुस्तकं, शिकवण्या आणि बंद खोल्या यांनी लावलेला.

जवळचं बघण्याचा ताण डायॉप्टरमध्ये मोजतात आणि हिशोब सोपा आहे: एक भागिले मीटरमधलं अंतर. मूल वहीवर वाकून २० सेंटिमीटरवरून लिहितं तेव्हा डोळ्याला ५ डायॉप्टर जोर लावावा लागतो. तीन मीटरवरच्या बोर्डाकडे बघताना लागतो एक तृतीयांश डायॉप्टर, म्हणजे वहीच्या मानाने पंधरावा हिस्सा. मांडीवरचा टॅब आणि भिंतीवरचा बोर्ड यांना मेसेजवाल्यांनी ‘स्क्रीन’ म्हणून एकाच पोत्यात भरलंय, पण डोळ्याच्या लेखी टॅब वहीच्या जातीचा आहे आणि बोर्ड फळ्याच्या. टॅब नाकाशी धरून तासभर बसवलं तर माझीही हरकत आहे. तशी ती वहीत नाक खुपसून तासभर शुद्धलेखन गिरवून घेण्यालाही आहे, पण त्याविरुद्ध अर्ज फिरत नाहीत.

नंबर लागणं कशाने टळतं याचं उत्तर वर्गाबाहेर आहे. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांवर मोठा प्रयोग झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर उजेडात घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. तैवानने तर २०१० पासूनच रोज दोन तास बाहेर असा कार्यक्रम शाळांना दिला होता. उन्हातच तळायला हवं असं नाही, झाडाखालचा उजेडही चालतो. पुण्यात निम्म्या शाळांची मैदानं कशी आहेत ते आपण जाणतो, आणि पीटीचा तास गणिताने खाणं ही तर जुनी परंपरा. शाळेकडे काही मागायचंच तर तो तास परत मागा. रविवारी तळजाई किंवा वेताळ टेकडी आहेच. मात्र नंबर एकदा लागल्यावर तो वाढू न देण्यात उजेडाचा उपयोग कमी होतो. त्यासाठी कमी मात्रेच्या ॲट्रोपीनचे थेंब किंवा खास काचा असतात, आणि ते नेत्रतज्ज्ञांनीच ठरवायचं.

मेसेजमधला सगळ्यात वाईट भाग मात्र पुढचा, आधीपासून दोष असलेल्या मुलांबद्दलचा.

आळशी डोळा शंभरात दोन-तीन मुलांत आढळतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा मोतीबिंदूने वा पापणी पडल्याने वाट अडलेली असते. मेंदूला त्या डोळ्याकडून धूसर चित्र येतं, म्हणून तो चांगल्या डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि दुसऱ्याची नजर तयारच होत नाही. हे घडतं पहिल्या काही वर्षांत, वर्गातला बोर्ड आयुष्यात येण्याच्याही आधीपासून. घरी कोणाला पत्ता लागत नाही, कारण एका डोळ्यावर मूल पळतं, खेळतं, पतंगही काटतं. खेळता खेळता एकेक डोळा झाकून बघा. एका बाजूला ते शांत राहिलं आणि दुसऱ्या बाजूला हात झटकू लागलं तर तपासणीला न्या, बाहुली मोठी करणारे थेंब घालून. तिरळेपणा मोठेपणी आपोआप जातो किंवा तो भाग्याचा असतो, असं सांगणाऱ्या आत्याबाई अजून आहेत. त्यांचा मान ठेवा आणि दवाखान्यात जा.

उपचार म्हणजे आधी चष्मा, मग गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर पट्टी किंवा थेंब. पट्टी लावण्याचा हेतूच हा की कमजोर डोळ्याने बघावं. अमेरिकेत सात वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यम दोष असलेल्यांना रोज दोन तासांच्या पट्टीने सहा तासांइतकाच फायदा झाला. त्या दोन तासांत निदान तासभर जवळचं काम करून घेतलं होतं: चित्रं रंगवणं, वाचणं वगैरे. पुढच्या एका चाचणीत जवळचं की लांबचं, याने विशेष फरक पडला नाही असं दिसलं. म्हणजे कमजोर डोळ्याला काम हवं, ते कागदावर आहे की काचेवर हा प्रश्न दुय्यम. आणि ज्या स्क्रीनला विष म्हटलंय, तिच्यावरच आता उपचार होतो: चार ते सात वर्षांच्या मुलांना खास बदललेले व्हिडिओ हेडसेटमधून दाखवण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी दिली. तसा उपचार इथे प्रत्येकाने शोधत बसावं असं मी म्हणत नाही, साध्या पट्ट्यांनी काम होतं. फक्त विषाचा दावा टिकत नाही.

एक अर्ध-खरं इथेही आहे. तासन्‌तास मोबाइल डोळ्याशी धरणाऱ्या, मुख्यतः किशोरवयीन मुलांत अचानक डोळा आत वळल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. त्या अतिवापराच्या आणि अगदी जवळून बघण्याच्या आहेत. वर्गातल्या पंधरा मिनिटांच्या गोष्टीच्या नाहीत.

मग मागच्या बाकाचं काय? नजर तपासायच्या तक्त्यावरच्या ६/६ च्या, म्हणजे सहा मीटरवरून चांगल्या नजरेला वाचता येणाऱ्या ओळीतलं अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असतं. ज्या मुलाची चष्म्यासकट नजर ६/६० आहे, म्हणजे चांगल्या नजरेला साठ मीटरवरून दिसतं ते ज्याला सहा मीटरवरूनच दिसतं, त्याला सहा मीटरवरून ओळखू यायला ९ सेंटिमीटरचं अक्षर लागतं, तेही काठावर. बाई फळ्यावर एवढं मोठं कधी लिहितात? तेच मूल दोन मीटरवर आलं की ३ सेंटिमीटरचं पुरतं. अंतर अर्धं केलं की डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा दुप्पट होते. फुकटात मिळणारं हे सगळ्यात चांगलं भिंग आहे. जवळ बसल्याने अधू डोळा आणखी बिघडत नाही. त्याला मागे पाठवणं म्हणजे वर्षभर त्याला नुसतं ऐकायला बसवणं. ‘सर, वही कोरी असते, पण पाठ सगळं येतं,’ असं सांगत आया येतात तेव्हा मी पहिल्यांदा बाक कितवा ते विचारतो.

पुढचा बाकही सगळ्यांना एकसारखा लागू नाही, हे शिक्षकांसाठी. डोळे सतत हलणाऱ्या, म्हणजे निस्टॅग्मसच्या मुलाची नजर एका ठरावीक बाजूला मान वळवली की स्थिरावते. त्याला ‘सरळ बस’ म्हणू नका, मान वळवून बोर्ड समोर येईल अशा बाजूच्या बाकावर बसवा. त्वचेत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य कमी असलेल्या, म्हणजे अल्बिनिझमच्या मुलाला उजेड सोसत नाही. त्याची पाठ खिडकीकडे हवी, वर्गात टोपी घालू द्यावी, बोर्डाची चकाकी कमी करून काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवावीत. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात नजरेचा परीघ आक्रसतो, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. अशा मुलाला अगदी पुढे बसवलं आणि अक्षरं प्रचंड केली तर एका वेळी एकच अक्षर हाती लागतं. तो दोन बाक मागेच बरा. शिवाय बोर्ड नीट दिसावा म्हणून पडदे ओढून वर्ग अंधारा केला की यालाच वही दिसेनाशी होते. मोतीबिंदू काढलेल्या मुलाच्या डोळ्याला स्वतःहून जवळचं फोकस करता येत नाही, त्याला दुहेरी काचेचा चष्मा लागतो, आणि तो वाचताना खालच्या काचेतून बघतोय ना हे पाहावं लागतं.

या मुलांना टॅब म्हणजे चैन नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करायचं, पार्श्वभूमी काळी करायची, आणि शेजारचा जे पान वाचतोय तेच पान आपणही वाचायचं. छापील पुस्तकाला हे जमत नाही. उत्तम चष्म्यानंतरही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्या मुलाला अल्पदृष्टी मानतो, आणि कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते. ‘टॅब सगळ्यांना बंद’ असा सरसकट नियम या सोयीच्या आड येतो.

चष्म्याने नंबर वाढतो, हे जुनं पिल्लू. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला गेला. २००२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत कमी नंबर दिलेल्या मुलांचाच मायनस जास्त वेगाने वाढला होता. आणि प्लस नंबरमुळे डोळा आत वळणाऱ्या मुलांत पूर्ण नंबरचा चष्मा हाच तिरळेपणावरचा इलाज असतो, बऱ्याचदा ऑपरेशनही टळतं. ‘घाई करू नका’ ऐकून वर्ष घालवलं तर ते वर्ष परत मिळत नाही.

मेसेजमध्ये बरोबर आहे ते एवढं: लहानांसाठी मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासापर्यंतच असू द्या म्हटलं, दोनच्या आत तीही नको. आपल्या शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी पूर्व-प्राथमिकला अर्धा तास आणि पहिली ते आठवीला तीस-पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं अशी सीमा घातली. जागतिक संघटनेचा रोख झोप आणि हालचाल यांवर होता, जळणाऱ्या पडद्यांवर नव्हे. माझ्या मते बालवाडीत बोर्ड रोज लागायलाच हवा असं काही नाही. बाईंनी स्वतः गोष्ट सांगावी.

सह्यांचा अर्ज द्यायचाच असेल तर मजकूर बदलून द्या, माझीही सही घ्या. पहिलीच्या प्रवेशाबरोबर प्रत्येक मुलाच्या दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जातात, पण खासगी शाळांनी आपली सोय आपणच करायची आहे. दोष असलेल्या मुलाच्या पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी आणि त्यात कुठे बसवायचं, किती मोठं अक्षर, उजेड कुठून, हे लिहून मागावं. बोर्डावर खिडकीची चकाकी पडते का, ते मुलाच्या बाकावर बसून शिक्षकांनी एकदा बघावं. पट्टीचे तास शाळेतच काढायचे असतील तर बोर्डावरचं टॅबवर मोठं करून मिळावं. मैदानाचा तास कापू नये. आणि दप्तरातल्या डबीत पडलेले चष्मे पहिल्या तासाला नाकावर चढले का, ते वर्गशिक्षिकेने पाहावं.